अंध व्यक्तीने काढलेला फोटो नेमका कोणाचा?

गवाक्ष
मागच्या रविवारी अंध मुलांनी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन बघून आलो. प्रत्येक फोटोखाली पाटी होती: नाव, वय आणि 'जन्मांध'. लोक आधी पाटी वाचायचे, मग फोटोकडे बघायचे आणि "कमाल आहे" म्हणून पुढे सरकायचे. एका फोटोपुढेही कोणी दोन मिनिटं थांबलं नाही. मला त्या मुलांसाठी वाईट वाटलं.

मी पंचवीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. बटण दाबणं हे फोटोचं निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे शंभरातले पाच निवडणं. तिथली निवड डोळस स्वयंसेवकांनी केली होती, मी विचारून खात्री करून घेतली. मग ते फोटो मुलांचे की निवडणाऱ्यांचे? मला ते मुलांचे म्हणवत नाहीत. शिवाय अशा कौतुकाने मुलांचं नुकसानच होतं असं माझं मत आहे. फोटो वाईट आहे असं त्यांना कोणी सांगतच नाही.

कवडसा
गवाक्ष, मी कायद्याने अंध आहे. २०१६च्या दिव्यांग कायद्यात चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६०पेक्षा कमी असेल (म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही दिसत नसेल), किंवा दृष्टीचा पट्टा १० अंशांहून अरुंद असेल, तर अंधत्व धरतात. म्हणजे 'अंध' म्हटलं की सगळा काळोखच असतो असं नाही. मला डाव्या डोळ्याने उजेड कुठून येतो तेवढं कळतं, उजव्याने कडेकडेचं थोडं.

एक फोटो कसा काढला ते सांगते. आजी पाट्यावर चटणी वाटत होती. वरवंटा पुढे जाताना दगडाचा आवाज खरखरीत येतो, मागे येताना ओला. मी दारातून आत गेले तेव्हा ऊन डाव्या गालावर लागत होतं, म्हणजे उजेड आजीच्या उजव्या हातावर पडत असणार. आवाजाच्या समोर उकिडवी बसले, हात लांब करून पाट्याची कड चाचपली, मग फोन छातीशी धरला. फोन बोलला की चौकटीत एक चेहरा आहे. मला चेहरा नकोच होता, म्हणून फोन खाली झुकवत गेले, तो चेहऱ्याबद्दल बोलायचा थांबेपर्यंत. वरवंटा पुढच्या टोकाला पोचला की बटण, असे अकरा फोटो काढले.

बहिणीला दाखवले तर म्हणाली, "अगं, आजीचं डोकंच कापलं गेलंय सगळ्यांत, नुसते हात आलेत." म्हटलं, तेच हवेत. मग प्रत्येकात वरवंटा कुठे आहे ते तिने सांगितलं आणि मी सातवा ठेवला. आता हा फोटो तिचा का?

गवाक्ष
हा तुमचाच, मान्य. पण बहीण 'हात आलेत' म्हणाली म्हणून तुम्हाला हात कळले. मागे प्लास्टिकची बादली असेल आणि ती सांगायला विसरली असेल तर? फोटोत नको ते शिरतं ते अशाच न बघितलेल्या कोपऱ्यातून.

कागदकात्री
मी चित्रकला शिकवते. माझा आक्षेप वेगळा आहे. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) घ्या. लहानपणापासून एक डोळा निकामी, दुसरा अतिशय अधू. त्याच एका डोळ्यावर त्यांनी १९४६-४७मध्ये तिथल्याच हिंदी भवनाच्या तीन भिंतींवर मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र केलं. त्यात कबीर आहेत, तुलसीदास आहेत आणि सूरदासही आहेत. पुढे शस्त्रक्रिया फसून उरलीसुरली नजर गेली, तरी हात थांबला नाही. कागद कापून चित्रं केली, १९७२मध्ये टाइल्सचं भित्तिचित्र केलं.

पण कागद कापला की कड बोटाला लागते. चूक झाली तर बोटालाच समजते. कॅमेऱ्यातून बोटाला काही परत येत नाही. म्हणून अंध मुलांच्या हाती कात्री द्या, माती द्या. कॅमेऱ्याचा हट्ट मला डोळसांचा वाटतो.

लालदिवा
कागदकात्री, हट्ट डोळसांचाच असतो असं नाही. एव्गेन बावचार यांचा जन्म स्लोव्हेनियातला, १९४६चा. दोन अपघातांत बारा वर्षांचे होण्याआधीच दोन्ही डोळे गेले. किशोरवयात कॅमेरा हाती घेतला, तो स्वतःच्या ओढीने. ते अंधारात काम करतात. समोरच्या वस्तूला किंवा माणसाला हाताने जाणून घेतात आणि हवा तेवढाच भाग लहान दिव्याने उजळतात. उजेड कुठे पडला हे त्यांना ठाऊक असतं, कारण दिवा त्यांच्याच हातात असतो. मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६मध्ये अंध मुलांसाठी छायाचित्रणाचं काम सुरू केलं, त्यांनाही प्रेरणा बावचार यांच्याकडूनच मिळाली. आणि बोटाला लागेल असा फोटोही करता येतो. उठावाच्या रेषांची प्रत काढायची, शेजारी ब्रेल.

गवाक्ष, प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आपले फोटो स्वतः छापत नसत. म्हणून ते छापणाऱ्याचे झाले नाहीत.

गवाक्ष
पण कोणता छापायचा ते ब्रेसाँ डोळ्यांनी बघू शकत होते. ही तुलना मला पटत नाही.

दोनओळी
माझा मुलगा पूर्ण अंध आहे, बारावीला. परीक्षेला लेखनिक मिळवताना आम्ही किती दारं ठोठावली ते आमचं आम्हाला माहीत. पैसा आणि माणसं आधी तिकडे लावा.

कवडसा
दोनओळी, लेखनिकासाठी मीही रडले आहे. पण तो हक्क आहे, त्यासाठी आमच्या हातातला कॅमेरा काढून घ्यावा लागू नये. तुमच्या मुलाला एकदा विचारा, त्याला काय आवडतं.

पाटीबद्दल गवाक्ष यांचं मला शंभर टक्के पटतं. माझ्या फोटोखाली 'जन्मांध' लिहू नका, 'दिसत नसतानाही' तर नकोच. 'दुपारी साडेचार, आजीचं स्वयंपाकघर, वरवंट्याच्या आवाजावरून' असं लिहा. मग लोक फोटोत आवाज शोधत थांबतील. आणि फसलेल्या फोटोला फसलेला म्हणा.

गवाक्ष
पाटीचं हे आवडलं, पुढच्या वेळी त्या शाळेला सुचवेन. निवडीबद्दल मात्र मी अजून तिथेच आहे. बादलीचं उत्तर मिळालं नाही.

कवडसा
मी दोघांकडून वेगवेगळं वर्णन घेते, एकाचं दुसऱ्याला ऐकवत नाही. दोन्ही जुळली नाहीत की तिसऱ्याला विचारते. सातव्या फोटोत मामेभावाने सांगितलं की डावीकडे निळी बादली अर्धी आली आहे. बहीण खरंच विसरली होती. पण ठेवली मी ती. चटणी वाटून झाली की आजी त्याच बादलीत हात धुते.