रक्त येतंय म्हणून ब्रश सोडू नका: हिरड्यांचे अनुभव

दात किडला की ठणकतो आणि माणूस दवाखाना गाठतो. हिरडीचं दुखणं मुकाट वाढतं. थुंकीत लाली दिसते, तोंडाला वास येतो, पन्नाशीत दात हलायला लागतो आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ खरं तर बरंचसं काम हिरडीच्या कडेला साचून घट्ट झालेल्या मळाचं, म्हणजे कीटणाचं असतं. तुमच्या घरात घडलेलं लिहा, ऐकीव उपाय नकोत.
– शिक्षिका, अंबाजोगाई

धाराशिव
आमच्या मायची मिश्री लग्नाआधीपासूनची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी ओट्यावर बसून बोटानं हिरड्यांवर घोळवत राहायची. ‘मिश्रीनं दात घट्ट राहतात, रगत कधी आलं का?’ हे तिचं ठाम उत्तर. रक्त खरंच येत नव्हतं. पण खालच्या पुढच्या दातांची मुळं उघडी पडली होती. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळं हिरडी आतून पोखरली जात असली तरी रक्त कमी दिसतं. मिश्री आजार झाकून ठेवते.

खरी कसोटी सोडल्यावर लागली. थोड्याच दिवसांत ब्रशला रक्त दिसायला लागलं आणि माय म्हणायली, ‘बग, सोडली म्हणून रगत यायलंय!’ रक्तपुरवठा पूर्ववत होताना असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही डबी परत तिच्या हाती दिली नाही. मिश्री सोडणाऱ्या प्रत्येक घरात ही गोष्ट पोचायला हवी.

लातूर
मशीननं दात साफ केले की ते ढिले होतात, असं आमच्या गल्लीत निम्मे लोक सांगतात. माझे साफ केले तेव्हा जिभेला फटी लागल्या आणि थंड पाणी काही दिवस झोंबलं. फटी आधीच्याच होत्या, कीटणानं बुजल्या होत्या. ते दगडासारखं घट्ट बसतं, ब्रशनं किंवा मंजनानं निघत नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, पण कीटण तसंच राहतं.

परभणी
गोळ्या वाढवूनही माझी शुगर उतरेना. शुगरच्या डॉक्टरांनीच तोंड उघडायला लावलं. शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांची सूज शुगर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर उपचार झाल्यावर तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा थोडा खाली आला. गोळ्या चालूच आहेत.

नांदेड
गरोदरपणात हिरड्या लालभडक सुजल्या. सासूबाई म्हणाल्या, ब्रश बंद कर. डॉक्टरीणबाईंनी उलट सांगितलं: हार्मोन्समुळं थोड्या मळानंही हिरड्या सुजतात, तेव्हा मऊ ब्रश घ्या, पण सोडू नका. बाळंतपणानंतर सूज उतरली.

दातांचा डॉक्टर, जालना
रक्त येतं म्हणून लोक नेमकी तीच जागा टाळतात आणि मळ तिथंच साचतो. मऊ ब्रश दात आणि हिरडीच्या सांध्यावर 45 अंशांत तिरका धरा, जोर न लावता बारीक हलवा आणि मग दाताच्या टोकाकडं ओढा. दिवसातून 2 वेळा, 2-2 मिनिटं. रात्रीचा ब्रश चुकवू नका. फटींसाठी बारीक ब्रश मेडिकलवर मिळतात, तिथं टाचणी घालू नका. राखुंडी आणि विटेची भुकटी दात झिजवते. कडुलिंबाची काडी चावून मऊ केली तर चालते, पण दातांच्या आतल्या बाजूला नीट पोचत नाही.

नुसती सूज असेल तर हिरडी पूर्ववत होते. एकदा हाड झिजलं की ते आपोआप भरून येत नाही, मग उरलेलं जपायचं. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं हिरड्यांचा वेगळा विभाग आहे.

हिंगोली
वडिलांच्या हिरड्या दातांवर चढून आल्या होत्या. आम्हाला कॅन्सरची धास्ती. डॉक्टरांनी तपासून आधी चालू गोळ्यांची चिठ्ठी मागितली. बीपीची अमलोडिपिन निघाली. काहींना तिनं हिरड्या वाढतात, फिटच्या फेनिटॉइननंही. बीपीच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, दातांची सफाई झाली आणि काही महिन्यांत हिरडी बरीच खाली बसली.