'हीड' आणि 'अटेन्शन' एकच का? आणि हीडच्या पुढे टू लागतो?

सिंहगडरोड_वाली:
पावसाळा आला की इंग्रजी पेपरात हा शब्द सारखा दिसतो, खडकवासल्यातून विसर्ग वाढला की 'डिड नॉट हीड द वॉर्निंग' असतंच कुठेतरी. डिक्शनरीत अर्थ 'लक्ष देणे'. मग अटेन्शन म्हणजे पण तेच ना? स्पर्धा परीक्षेचा निबंध लिहितेय, कुठे कुठला घालू कळत नाहीये. आणि टू लागतो का नाही?

डेक्कनकर:
एक नाहीत. अटेन्शन म्हणजे नुसतं मन तिकडे असणं, हीडमध्ये ऐकून तसं वागणं पण आलं. समज नदीपात्रात गाड्या लावू नका असा मेसेज आला, एकाने तो नीट वाचला, चार ग्रुपवर पाठवला पण आणि तरी गाडी तिथेच लावून गेला, तर त्याने अटेन्शन दिलं पण वॉर्निंग हीड केली नाही. आपलं 'जुमानणे' अगदी त्या जागी बसतं, आणि दोन्ही शब्द बहुतेक नकारातच येतात बघ, 'इशारा न जुमानता', तिकडे 'फेल्ड टू हीड'. फक्त जुमानण्यात धाक आहे, हीड साध्या सल्ल्यालाही चालतं, तिथे 'मनावर घेणे' म्हण.

इंग्रजी_शिकवते:
क्रियापद असेल तर टू नाही. हीड द वॉर्निंग, हीड हर ॲडव्हाइस. नाम असेल तर पे हीड टू किंवा टेक हीड ऑफ. 'लिसन टू' डोक्यात पक्कं असतं म्हणून टू चिकटतो. शब्द लेखी आणि गंभीर आहे, वर्गात आम्ही 'पे अटेन्शन'च म्हणतो. टेक हीड तर १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये खूपदा येतं, 'सावध राहा' अशा अर्थी, त्यामुळे आता जरा जुन्या वळणाचं वाटतं.

जर्मन_बी१:
जर्मनमध्ये याचाच भाऊबंद आहे, ह्यूटन. मेंढ्या राखणे, मुलं सांभाळणे याला तेच क्रियापद आणि 'झिश ह्यूटन' म्हणजे जपून राहणे. आपल्या 'जपणे'त पण राखण आणि सावधपणा दोन्ही आहेत, मला हे फार आवडलं होतं शिकताना.

सिंहगडरोड_वाली:
थँक्यू सगळ्यांना! निबंध धरणांवर आहे, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तिथून सुरू करतेय. 'द सिटी मस्ट हीड द लेसन्स ऑफ पानशेत' चालेल?

इंग्रजी_शिकवते:
हो, एकदम बरोबर. वॉर्निंग, ॲडव्हाइस, कॉल, लेसन्स, सगळ्यांबरोबर जातं. हीडलेस पण लक्षात ठेव गं, बेफिकीर या अर्थी, त्याच्या पुढे मात्र ऑफ येतो, 'हीडलेस ऑफ द डेंजर'.