निकॉन एफ-२ : डीपी-१ ची सुई अडखळते, आता कोणते हेड घ्यावे?

रुपेरीकण : नमस्कार. माझ्याकडे डीपी-१ मीटरिंग हेड, म्हणजे उजेड मोजणारे मीटर असलेला काढता-घालता येणारा फाइंडर, बसवलेला निकॉन एफ-२ हा फिल्म कॅमेरा आहे. अॅपर्चरची (लेन्समधून उजेड येण्याच्या छिद्राची) रिंग ५.६ वरून ८ कडे नेताना मीटरची सुई एकाएकी खाली पडते आणि पुढे पुन्हा ठीक चालते. माझ्याजवळ ५० मिमी एफ/१.४ ही एआयच्या (लेन्सवरचे अॅपर्चर कॅमेऱ्याला कळवण्याच्या निकॉनच्या नंतरच्या पद्धतीच्या) आधीची लेन्स आणि २८ मिमी एफ/२.८ एआय-एस अशा दोनच लेन्स आहेत. मी प्रामुख्याने पुण्याच्या परिसरातील जुन्या देवळांची कृष्णधवल छायाचित्रे काढतो. भुलेश्वरसारख्या ठिकाणी दगडी जाळीतून येईल तेवढ्याच उजेडावर भागवावे लागते आणि तिथे सुई धड दिसतही नाही. डीपी-१ दुरुस्त करून घ्यावे, डीपी-१२ साठी पैसे साठवावेत, की मीटर नसलेला साधा डीई-१ प्रिझम फाइंडर घेऊन हातातले मीटर वापरावे? छताच्या कोरीवकामासाठी वरून पाहायचा फाइंडर उपयोगी पडेल का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनीकाच : नवे हेड घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे, हे पाहून घ्यावे. एफ-२ मध्ये सेल हेडमध्ये नसून बॉडीच्या तळाशी असतात, आणि त्या कप्प्यातील प्लास्टिक जुने होऊन तडकते, हे या कॅमेऱ्याचे ठाऊक असलेले दुखणे आहे. हात लावताच मीटर बंद-चालू होत असेल, तर संशय तिथे घ्यावा, कारण तसे असल्यास कितीही चांगले हेड आणले तरी उपयोग होणार नाही. आपली सुई मात्र दर वेळी एकाच जागी पडते आहे, त्यामुळे हेडमधील वर्तुळाकार रोधकाचा (रेझिस्टरचा) थर तिथे झिजला किंवा मळला असावा. मळ असेल तर सफाईने काम भागते, पण थरच झिजला असेल तर सफाईचा फायदा होत नाही. सेल एसआर४४ जातीचे, म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडचेच, दोन घालावेत. दिसायला तसाच असणारा अल्कलाइन सेल वापरासोबत हळूहळू उतरत जातो आणि मीटरचे वाचन त्याच्याबरोबर सरकते.

आता निवडीविषयी. माझे ठाम मत असे आहे की हेड आपल्या लेन्सकडे पाहून घ्यावे, प्रतिष्ठेकडे पाहून नव्हे. डीपी-१, डीपी-२ आणि डीपी-३ ही हेड लेन्सच्या रिंगवरील दुभंगलेल्या धातूच्या पट्टीला, म्हणजे रॅबिट इअरला, पकडून अॅपर्चर ओळखतात. ही पट्टी आपल्या दोन्ही लेन्सवर असते. १९७७ मध्ये आलेली डीपी-११ आणि डीपी-१२ ही हेड मात्र एआय रिंगच्या कडेवर चालतात, त्यामुळे आपली ५० मिमी तिथे रिंग बदलून घेतल्याशिवाय पूर्णपणे जुळणार नाही आणि अॅपर्चर प्रत्यक्ष बंद करून मोजमाप करावे लागेल. पुढे ऑटोफोकसच्या काळातील, रॅबिट इअर नसलेल्या पण अॅपर्चर रिंग असलेल्या लेन्स घ्यायचा विचार असेल, तरच डीपी-१२ ला खरा अर्थ आहे.

अंधाराची अडचण डीपी-२ सोडवते. १९७३ मधील या हेडमध्ये सुईऐवजी लाल दिवे आहेत आणि दोन्ही बाण एकदम पेटले की उद्भासन (एक्स्पोजर) बरोबर आहे, असे समजायचे. आयएसओ १०० आणि एफ/१.४ वर डीपी-१ साधारण १ सेकंदापर्यंतचा उजेड मोजते, तर डीपी-२ ची मजल ८ सेकंदांपर्यंत जाते. देवळाच्या आत काम करणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. म्हणून माझी शिफारस चालू स्थितीतील डीपी-२ ची आहे.

सावलीचाशोध : डीई-१ हे अतिशय सुंदर आणि हलके प्रिझम आहे, परंतु संग्राहकांच्या मागणीमुळे ते बहुधा चालू डीपी-१ पेक्षाही महाग पडते. हातातले मीटर आधीपासून जवळ नसेल, तर दोन्हींचा खर्च मिळून अवाजवी होईल. शिवाय हेड कोणतेही असले, तरी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. मीटर असलेली ही सर्व हेड चौकटीच्या मधल्या १२ मिमी वर्तुळाला ६० टक्के वजन देतात. त्या वर्तुळात जाळीचा उजळ झरोका आला की मीटर फसते आणि शिल्प काळे पडते. जवळ जाऊन फक्त दगडावर वाचन घ्यावे, ते कायम ठेवावे आणि मग मागे येऊन चौकट जुळवावी. १ सेकंदाच्या पुढे फिल्मची संवेदनशीलताही घटते, त्यासाठी त्या-त्या फिल्मच्या तक्त्यानुसार वेळ वाढवावी लागते.

रुपेरीकण : मनापासून आभार. डीपी-२ जोडताना लेन्ससाठी वेगळे काही करावे लागते का? आणि छताचे काय?

जुनीकाच : लेन्स चढवल्यावर अॅपर्चरची रिंग एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला पूर्ण फिरवावी. तेव्हाच हेडला लेन्सचे सर्वांत मोठे अॅपर्चर कळते. हेडच्या दर्शनी मापपट्टीवर खूण त्या लेन्सच्या सर्वांत मोठ्या अॅपर्चरवर (आपल्या ५० मिमीसाठी १.४, २८ मिमीसाठी २.८) आली का, हे लेन्स बदलल्यावर प्रत्येक वेळी पाहावे, कारण ते चुकले तर पुढची सगळी वाचने चुकतात.

छतासाठी डीडब्ल्यू-१ हा वरून पाहायचा फाइंडर खरोखर उपयोगी आहे. कॅमेरा तिवईवर सरळ वर रोखला की या फाइंडरचे तोंड आडवे होते आणि जमिनीवर झोपावे लागत नाही. चित्र डावे-उजवे उलटे दिसते, याची सवय करावी लागते. उभ्या चौकटीसाठी मात्र तो फारच गैरसोयीचा आहे. त्याला मीटर नसल्यामुळे आधी डीपी-२ ने मोजून मग फाइंडर बदलावा. बदलताना आतील फिल्मला उजेड लागत नाही, पण फोकसिंग स्क्रीन, म्हणजे जिच्यावर चित्र दिसते ती काच, उघडी पडते. देवळातली धूळ तिच्यावर बसू नये म्हणून हे काम झटपट उरकावे.

सावलीचाशोध : विकत घेताना विक्रेत्याला एकसारख्या उजेडातल्या भिंतीकडे कॅमेरा रोखून रिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगावे आणि दिवे क्रमाने बदलताना दिसतील असे चलचित्र मागवावे. आयपीसमधून आत पाहिल्यावर काळे डाग किंवा बुरशीचे धागे दिसले तर ते हेड सोडून द्यावे. पावसाळ्यात फाइंडर काढून वेगळा ठेवणार असाल, तर तो सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, चामड्याच्या केसमध्ये अजिबात ठेवू नये.