मदत हवी आहे: सिझरच्या जखमेत बुरशी, कल्चर पुढे कुठे पाठवायचं?

वहिनीचं सिझर झालं, वय २९, शुगर नॉर्मल, एचआयव्ही निगेटिव्ह, स्टेरॉइड कधीच नाही. टाक्यांच्या कडेला आधी लाली आली मग कातडी काळी पडत गेली, अँटिबायोटिक दोनदा बदलली तरी काळा भाग पसरतच होता आणि पू चा रिपोर्ट मात्र नो ग्रोथ. शेवटी सर्जननी कडेचा तुकडा काढून बायोप्सीला दिला तेव्हा केओएचमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघायची तपासणी) रुंद, पडदे नसलेले धागे दिसले, म्हणजे म्युकर (ज्याला ब्लॅक फंगस म्हणतात). म्युकर म्हटलं की सगळे कोविड, शुगर नाहीतर नाकाबद्दलच विचारतात, तसं काहीच नाहीये इथे.

डिब्राइडमेंट (मेलेला भाग कापून काढणं) झालीय, लायपोसोमल अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध चालू आहे, क्रिएटिनिन पोटॅशियम रोज बघतायत. त्यामुळे ट्रीटमेंट बदला, घरगुती लेप लावा असले सल्ले प्लीज नकोत.

अडलंय ते असं की कल्चरमध्ये पांढरी कापसासारखी बुरशी उगवली पण स्पोर (बीजाणू) धरत नाहीये म्हणून लॅब नाव सांगू शकत नाही. अपोफायसोमायसिस असेल असा डॉक्टरांचा अंदाज आहे, ती मातीतली बुरशी धडधाकट माणसालाही जखमेतून होते म्हणे, आणि साध्या मीडियावर (लॅबमध्ये बुरशी वाढवायचं माध्यम) स्पोर देत नाही.

चंदीगडच्या पीजीआयला (मोठी सरकारी वैद्यकीय संस्था) असे नमुने ओळखायला पाठवतात एवढं कळलंय. आम्ही नाशिकला, खाजगी हॉस्पिटलमध्ये. मायक्रोबायोलॉजीतलं कोणी असेल तर सांगा, खाजगी लॅबकडून ते घेतात का, स्लँट (बुरशी वाढवलेली नळी) कुरिअरने चालतो का पॅराफिन ब्लॉकही (बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा) लागतो, आणि महाराष्ट्रातच सिक्वेन्सिंग (डीएनएवरून बुरशी ओळखणं) करून देणारं कोणी आहे का?