मदत हवी आहे: कोल्हापूरहून पहाटेचे अंधुक धूमकेतू कुठून बघावेत?

मंडळी, नमस्कार.

माझ्याकडे ६ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे (नाभीय अंतर १२०० मिमी), सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळ्याजवळची भिंगं). २०२५च्या दिवाळीत लेमन धूमकेतू (सी/२०२५ ए६) मसाई पठारावरून फार सुरेख दिसला. २१ ऑक्टोबरला तो पृथ्वीपासून सुमारे ९ कोटी किमीवर होता आणि नेमकी अमावास्या. पश्चिमेला स्वातीच्या परिसरात तो सापडला आणि तेव्हापासून हा नाद सुटत नाही.

अडचण पहाटेच्या धूमकेतूंची आहे. पन्हाळा, मसाई, गगनबावडा या आपल्या अंधाऱ्या जागा सगळ्या शहराच्या पश्चिमेला. तिथून पूर्वेकडे बघितलं की कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी आणि मागे इचलकरंजीचा उजेड. त्यात गळीत हंगामात पाला पेटवल्याचा धूर क्षितिजालगत साचतो. ९ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा मोठा तेवढा तारा अंधुक) तारा दुर्बिणीतून सहज दिसतो, पण तेवढ्याच प्रतीच्या धूमकेतूचा उजेड पसरलेला असल्यामुळे तो त्या उजळ आकाशात विरून जातो.

पूर्वेचं आकाश काळं मिळेल अशी जागा कोणती? ३२ मिमीचा आयपीस आधी घ्यावा की स्वॅन फिल्टर (धूमकेतूचा ठरावीक प्रकाशच जाऊ देणारी काच)? दोन्ही एकदम परवडणार नाहीत. आणि दिसलेला पुसट डाग धूमकेतूच आहे, हे कसं ठरवता?

प्रतिसाद

दक्षिणेला जा. भुदरगड किंवा आजऱ्याच्या बाजूला गेलात तर कोल्हापूर उत्तरेला राहतं. पूर्वेला निपाणी, गडहिंग्लज आहेत, पण त्यांचा उजेड त्या मानाने थोडा.

आधी आयपीस घ्या. ३२ मिमीने साधारण ३७ पट मोठं दिसेल आणि डोळ्यात ४ मिमीचा झोत येईल, म्हणजे पसरट वस्तू जास्त उठून दिसते. स्वॅन फिल्टर द्विअणू कार्बनचा ५११ ते ५१४ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश जाऊ देतो, त्यामुळे वायू जास्त असलेल्या धूमकेतूलाच त्याचा उपयोग. धुळीच्या धूमकेतूला नाही.

ओळखायचं तर भोवतालच्या ताऱ्यांसकट डागाचं चित्र काढा, तासा-दोन तासांनी परत बघा. तशीच पुसट दिसणारी दीर्घिका ताऱ्यांमधून सरकत नाही, धूमकेतू बहुतेक वेळा सरकलेला सापडतो. नजर डागाच्या जरा बाजूला ठेवा आणि नळीला हलकी टिचकी मारा. हललेली अंधुक वस्तू डोळा लवकर पकडतो. महत्त्वाचं म्हणजे नव्या धूमकेतूची कक्षा सुरुवातीच्या थोड्याच निरीक्षणांवरून काढलेली असते आणि पुढे सुधारत जाते. म्हणून निघण्याआधी मायनर प्लॅनेट सेंटरचे (धूमकेतू-लघुग्रहांच्या कक्षांची नोंद ठेवणारी संस्था) ताजे आकडे स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून घ्या, जुन्या आकड्यांवर शोधत बसू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार! येत्या अमावास्येला भुदरगड नक्की. गडावर रात्री थांबू देतात का, की गारगोटीत मुक्काम करून पहाटे वर जावं?