मतमोजणी प्रतिनिधीने टेबलावर नेमकं काय तपासायचं? (१७-सी, व्हीव्हीपॅट, फेरमोजणी)

पारावरचा (प्रश्न)

विधानसभेच्या मतमोजणीसाठी प्रतिनिधींचं प्रशिक्षण आखतोय. बहुतेकांना फेरीचे आकडे वहीत उतरवून घेणं एवढंच काम वाटतं. मतदारसंघात ३०० केंद्रं धरली, १४ टेबलं लागली, तर २२ फेऱ्या होतात. प्रत्येक यंत्रामागे हाताशी फार थोडा वेळ असतो. तेवढ्यात काय बघायचं?

तीन गोष्टी हव्या आहेत. पहिली, यंत्रावरचा आकडा आणि नमुना १७-सी (केंद्रावर पडलेल्या मतांचा केंद्राध्यक्षाने लिहिलेला हिशोब) मधला आकडा जुळला नाही तर कारण काय असू शकतं आणि त्या क्षणी काय मागायचं. दुसरी, मतदारसंघातल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट (मत कोणाला गेलं ते छापणारं यंत्र) चिठ्ठ्या मोजतात, तेवढं पुरतं का. तिसरी, २० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी ५ वाजता ५८.२२ टक्के असलेलं मतदान शेवटी ६६.०५ टक्के कसं झालं, हे लोकांना कसं समजावून सांगायचं.

कोण जिंकलं, कोण हरलं यावर चर्चा नको. फक्त पद्धतीवर बोलू.

हिरवी_मोहोर

टेबलावरची तपासणी मतदानाच्या दिवशी संध्याकाळीच सुरू होते, हे प्रशिक्षणात पहिल्या पाच मिनिटांत सांगा. निवडणूक संचालन नियम १९६१ मधल्या नियम ४९-एस प्रमाणे मतदान संपल्यावर हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला केंद्राध्यक्षाने १७-सी ची साक्षांकित प्रत द्यायची असते आणि तिची पोच घ्यायची असते. पण बरेच प्रतिनिधी पाच-साडेपाचला उठतात. केंद्रावर माणूसच नसेल तर प्रत कोणाला देणार? मोजणीच्या दिवशी ती प्रत हातात नसली, तर टेबलावरचे अधिकारी वाचून दाखवतील तेच प्रमाण मानावं लागतं.

त्या प्रतीवरच्या एवढ्या नोंदी बघा: कंट्रोल युनिटचा (मतं साठवणारं यंत्र), बॅलट युनिटचा (मतदार बटण दाबतो ते) आणि व्हीव्हीपॅटचा क्रमांक, १७-ए नोंदवहीतली (मतदार सही करतात ती) मतदारसंख्या, सही करूनही मत द्यायला नकार दिलेले (४९-ओ), गुप्ततेचा भंग केल्यामुळे मत देऊ न दिलेले (४९-एम), चिठ्ठीवर चुकीचं नाव आल्याच्या तक्रारीवरून घेतलेली चाचणी मतं (४९-एमए), यंत्रातली एकूण मतं, प्रदत्त मतपत्रिका (आपल्या नावावर आधीच कोणी मत दिलेल्या मतदाराला देतात त्या) आणि कागदी मोहोरांचे क्रमांक.

मोजणीला यंत्र टेबलावर आलं की क्रम असा ठेवा. आधी पेटीचा पत्ता टॅग आणि केंद्र क्रमांक. मग कंट्रोल युनिटचा क्रमांक आपल्या १७-सी शी आणि दुसऱ्या सरमिसळीनंतर (कोणतं यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार हे संगणकाने ठरवल्यानंतर) उमेदवारांना मिळालेल्या यादीशी ताडून बघा. मग बाहेरची पट्टी मोहोर, खास टॅग, आणि हिरव्या कागदी मोहोरेचा क्रमांक. हे सगळं जुळल्यावरच यंत्र चालू करू द्या. 'टोटल' दाबून एकूण मतं आधी बघा, 'रिझल्ट' नंतर. एकूण आकडा जुळत नसेल तर हरकत तिथेच नोंदवायची असते. उमेदवारनिहाय आकडे उघड झाले की सगळ्यांचं लक्ष बेरजेकडे जातं. जाळीपलीकडून डिस्प्ले दिसला नाही, तर पुन्हा दाखवायला सांगण्यात संकोच करू नका.

आकडा जुळत नाही त्याची नेहमीची कारणं:

मॉक पोल (खऱ्या मतदानाआधीचं चाचणी मतदान) पुसला न जाणं, हे सगळ्यात जास्त आढळणारं. मतदानाआधी ९० मिनिटं किमान ५० मतांचा मॉक पोल होतो. नंतर 'क्लोज', 'रिझल्ट', 'क्लिअर' या क्रमाने बटणं दाबायची, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून त्यांच्यामागे शिक्का मारायचा, त्या काळ्या पाकिटात घालायच्या आणि ते पाकीट प्लास्टिकच्या डबीत मोहोरबंद करायचं. पहाटेच्या घाईत 'क्लिअर' राहून जातं, मग यंत्रात बरोबर ५०-५५ मतं जादा दिसतात. उलटही होतं: यंत्र पुसलं जातं पण चिठ्ठ्या पेटीतच राहतात. मग १७-सी जुळतो आणि ते केंद्र व्हीव्हीपॅट मोजणीत निघालं तर चिठ्ठ्या जास्त भरतात. म्हणून केंद्राध्यक्षाच्या मॉक पोल प्रमाणपत्रावरचा उमेदवारनिहाय तपशीलही प्रतिनिधीने उतरवून ठेवावा. फरक नेमका तेवढाच आहे का, हे लगेच कळतं.

दुसरं, दोन कंट्रोल युनिट. मतदान चालू असताना कंट्रोल युनिट किंवा बॅलट युनिट बिघडलं तर पूर्ण संच बदलतात आणि नोटासह प्रत्येक उमेदवाराला एक-एक मत देऊन पुन्हा मॉक पोल घेतात. नुसतं व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतात, मॉक पोल होत नाही. संच बदललेल्या केंद्राची मतं दोन यंत्रांत विभागलेली असतात. टेबलावर एकच आलं की ८७३ च्या जागी ४१२ दिसतात आणि गोंधळ उडतो. झोनल अधिकाऱ्याच्या बदलीच्या नोंदी आधीच मागून ठेवा.

तिसरं, एक-दोन मतांचा फरक. सही करून, शाई लावून मतदार बटण न दाबताच बाहेर पडला आणि नोंदवहीत शेरा मारायचा राहिला, तर यंत्रात एक कमी येतं. चाचणी मत दिलं असेल तर यंत्रात एक जास्त येतं, आणि ज्याच्या नावावर ते पडलं त्याच्यातून वजा करायचं असतं. १७-सी मध्ये ती नोंद असते, टेबलावर ती वाचली जात नाही.

चौथं, 'क्लोज' दाबायचं राहिलं की 'रिझल्ट' येतच नाही. असं यंत्र परस्पर बाजूला न्यायचं नाही. निवडणूक निर्णय अधिकारी सगळ्यांसमोर एकूण मतं १७-सी शी ताडतात आणि जुळली तरच 'क्लोज' दाबून निकाल काढतात.

जिथे १७-सी आणि यंत्र खरोखरच जुळत नाही, तिथे पूर्वी यंत्र बाजूला ठेवत आणि विजयाचं अंतर त्यातल्या मतांपेक्षा कमी असेल तरच चिठ्ठ्या मोजत. २०२५ मध्ये आयोगाने अशा प्रत्येक प्रकरणात चिठ्ठ्या मोजणं सक्तीचं केलं. ही फार चांगली सुधारणा आहे. अंतर २० हजारांचं असलं तरी त्या केंद्रावर काय झालं हे कळलंच पाहिजे.

बॅटरीचा प्रश्न हमखास येतो म्हणून सांगतो. दिवसभर वापरून डिस्प्ले ९९ टक्के दाखवतो म्हणजे यंत्र बदललं असा अर्थ निघत नाही. व्होल्टेज ७.४ च्या वर असेपर्यंत तो ९९ च दाखवतो, त्याखाली उतरल्यावर खरे टक्के दिसतात. यंत्र तेच आहे का, हे क्रमांकावरून आणि मोहोरेवरून ओळखायचं.

अंकगणिती

पाच केंद्रांबद्दल. एप्रिल २०१९ पर्यंत विधानसभा मतदारसंघामागे एकच केंद्र निवडत, ८ एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ५ झाली. महाराष्ट्रात २०२४ ला २८८ मतदारसंघांत मिळून १,४४० व्हीव्हीपॅट मोजले गेले आणि तफावत नसल्याचं मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं.

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. राज्यभर यंत्रांत मोठ्या प्रमाणावर गडबड आहे का, या प्रश्नाला १,४४० चा नमुना भक्कम उत्तर देतो. पण एका विशिष्ट मतदारसंघाचा निकाल बरोबर आहे का, याला पाचचा नमुना फार कमी पडतो. साधा हिशोब करा. ३०० केंद्रांपैकी ३ यंत्रांत चूक असेल, तर पाचांत त्यातलं एक तरी सापडण्याची शक्यता जवळपास ५ टक्के. १० यंत्रांत असेल तर १६ टक्क्यांच्या आत. ३० यंत्रांत असेल तरी ४१ टक्केच.

मोठ्या अंतराच्या निकालात याने बिघडत नाही, कारण निकाल उलटायला शेकडो यंत्रं चुकावी लागतील आणि तेवढी चुकली तर पाचांत सापडतीलच. अडचण चुरशीच्या जागांवर आहे. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये विजयाचं अंतर ४८ मतांचं होतं. तिथे आणि दोन लाखांच्या अंतराच्या जागेवर, दोन्हीकडे प्रत्येक विधानसभा विभागात पाचच केंद्रं मोजायची, हे माझ्या मते पटणारं नाही. नमुना अंतराशी बांधायला हवा. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून राज्यभर तसं केलं आहे: अंतर जितकं कमी तितक्या जास्त मतपत्रिका हाताने तपासायच्या आणि शंका फिटली नाही तर सगळ्या मोजायच्या.

वेळ फार जाईल असं म्हणतात, तेही मोजून बघू. ८०० चिठ्ठ्या म्हणजे पंचवीस-पंचवीसचे ३२ गठ्ठे, केंद्रामागे साधारण एक तास. ३०० केंद्रं एकाच टेबलावर घेतली तर ३०० तास लागतील. तीच १४ टेबलांवर वाटली तर साडेएकवीस. फक्त अर्ध्या टक्क्याच्या आतल्या अंतराच्या जागांवर एक दिवस जास्त लागला तर काय अडतं? चिठ्ठ्या आणि यंत्र यांत फरक आला तर नियम ५६-डी प्रमाणे चिठ्ठ्यांचाच आकडा ग्राह्य धरतात. चिठ्ठीला कायद्यात एवढं वजन दिलंय, तर जिथे गरज आहे तिथे ती वाचलीही पाहिजे.

निकालानंतरची वाटही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार ७ दिवसांत लेखी अर्ज करून विधानसभा विभागातल्या ५ टक्के संचांची तपासणी मागू शकतो. त्या वेळी खर्च संचामागे ४० हजार रुपये अधिक जीएसटी ठरला होता. अर्जात केंद्र किंवा यंत्राचा क्रमांक द्यावा लागतो. तो कुठून आणणार? पुन्हा १७-सी वरूनच.

शेवटची_रांग

तिसऱ्या प्रश्नाचं. ५ वाजताचा आकडा मोजलेला नसतो, फोनवर केंद्रांकडून घेतलेला अंदाज असतो आणि तोही बऱ्याचदा अर्धा-पाऊण तास जुना. सहाला दार बंद होताना रांगेत असलेल्यांना केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या देतो, त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतात म्हणजे मागून नवा कोणी घुसू शकत नाही. ते सगळे मतदान करेपर्यंत यंत्र चालूच राहतं.

७.८३ टक्क्यांची वाढ म्हणजे ९.७० कोटी मतदारांत सुमारे ७६ लाख मतं. केंद्रं १,००,१८६. म्हणजे केंद्रामागे सरासरी ७६. अकरा तासांत सरासरी ६४० मतं म्हणजे तासाला ५८. तेव्हा ही वाढ सरासरी वेगाने सव्वा तासाच्या मतदानाइतकी होते. यात अशक्य काही नाही. पण अशक्य नाही म्हणजे सिद्ध झालं असंही नाही, हे लोकांना प्रामाणिकपणे सांगा. एखाद्या केंद्रावर शंका असेल तर तिथला १७-सी काढायचा, राज्याच्या टक्केवारीवर वाद घालून हाती काही लागत नाही. आयोगानेही टक्के न देता केंद्रनिहाय मतांचे आकडे त्याच रात्री द्यावेत. १७-सी तर तेव्हा लिहून झालेला असतो. आता केंद्राध्यक्ष दर दोन तासांनी ॲपमध्ये आकडा भरतात, त्यामुळे हे सहज जमण्यासारखं आहे.

लखोटा

टपाली मतांवर कोणी बोललं नाही, आणि चुरशीच्या जागा तिथेच फिरतात. त्या टेबलावर सगळ्यात अनुभवी माणूस बसवा. आधी बाहेरचं पाकीट १३-सी, त्यात १३-ए घोषणापत्र आणि मतपत्रिकेचं आतलं पाकीट १३-बी वेगवेगळं हवं. घोषणापत्र नाही, त्यावर सही किंवा साक्षांकन नाही, किंवा त्यावरचा मतपत्रिका क्रमांक १३-बी वरच्या क्रमांकाशी जुळत नाही, तर आतलं पाकीट उघडायचंच नाही. उघडल्यावर दोन खुणा, खूणच नाही, किंवा मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलेलं असेल तर बाद.

बाद झालेल्या टपाली मतांची संख्या विजयाच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर निकाल जाहीर करण्याआधी त्या सगळ्या पुन्हा तपासणं बंधनकारक आहे. मागावं लागायला नको, तरी मागा. सप्टेंबर २०२५ पासून यंत्रांची शेवटच्या आधीची फेरी टपाली मोजणी पुरी झाल्यावरच घेतात, त्यामुळे आता हा हिशोब शेवटच्या गडबडीत येत नाही.

पारावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. फेरमोजणीचा अर्ज नेमका कधी द्यायचा? आणि हेच प्रशिक्षण नगरपालिकेला चालेल का?

हिरवी_मोहोर

नमुना २० (अंतिम निकालपत्रक) मधली एकूण बेरीज जाहीर झाल्यावर आणि त्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची सही होण्याआधी. नियम ६३ प्रमाणे अर्ज लेखी हवा, त्यात कारणं हवीत. "आम्हाला शंका आहे" हे कारण धरलं जात नाही. "फेरी ९, टेबल ४, केंद्र क्रमांक अमुक, १७-सी मध्ये ७१६, तक्त्यात ७६१" असं लिहिलं तर दखल घ्यावीच लागते. सही झाली की तो मार्ग बंद, मग ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. अर्जाचा कोरा मसुदा, उमेदवाराची किंवा निवडणूक प्रतिनिधीची सही घेऊन, सकाळीच खिशात ठेवा. वेळ मिळतो तो मिनिटांत. आणि मतदान केंद्रांवरचं चित्रीकरण हवं असेल तर तेही या ४५ दिवसांतच मागा, मे २०२५ च्या सूचनेप्रमाणे याचिका नसेल तर ते त्यापुढे ठेवत नाहीत.

शेवटची_रांग

नगरपालिकेला जसंच्या तसं चालणार नाही. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, व्हीव्हीपॅट नसतो, म्हणजे यंत्राबाहेर पडताळायला फक्त केंद्राध्यक्षाचा लेखी हिशोब उरतो. शिवाय बहुसदस्यीय प्रभागात एक मतदार जितक्या जागा तितकी मतं देतो. चार जागांचा प्रभाग असेल तर यंत्रातली एकूण मतं नोंदवहीतल्या मतदारांशी ताडू नका, जागावार बेरीज काढून ती ताडा. प्रतिनिधींच्या तक्त्यात जागेप्रमाणे अ, ब, क, ड असे वेगळे रकाने आखून द्या.