मदत हवी आहे: आजऱ्याजवळ 13 वर्षांची पाइनची झाडं आहेत, विरळणी करू की नको? वडील एकही झाड पाडू देत नाहीत

माळावरचा:
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही तरी काय सल्ला देणार म्हणून वाचा जरा.

आजरा तालुक्यात आमची एक एकर तांबड्या मातीची माळजमीन आहे. पाणी नाही त्यामुळं उसाचा प्रश्नच नाही, आधी नाचणी करायचो ती पण सुटली. आबा (माझे वडील) कोल्हापुरात उद्यमनगरला पॅटर्न मेकर होते, 30 वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचे नमुने) केले, लाकूड हातात घेतलं की नुसत्या वजनावरून ते कुठलं आणि किती वाळलंय सांगायचे. रिटायर व्हायच्या आधी डोक्यात घेतलं की आपल्या माळावर आपलं लाकूड पाहिजे. 2012 च्या पावसाळ्यात बेळगावकडच्या एका नर्सरीतून पाइनची रोपं आणली, नर्सरीवाल्यानं कॅरिबियन पाइन म्हणून दिलेली, सोबत जुन्या पाइनखालच्या मातीचं एक पोतं दिलं आणि सांगितलं प्रत्येक खड्ड्यात मूठभर टाका नाहीतर रोप पिवळं पडंल. साडेसहा फुटांवर लावली, म्हणजे हजारभर झाडं. परवा मी चुन्याचं बोट लावत लावत मोजली तर 780 उभी आहेत.

आता अडचण अशी की आत गेलं की भर दुपारी अंधार असतोय, खाली वीतभर सुयांचा थर, गवताचं पातं नाही. उंची अंदाजे 44 फूट, छातीच्या उंचीवर दोरी लावली तर आतल्या झाडांचा घेर 18 इंच, फक्त बांधाकडच्या ओळीतली 26-27 इंच झालीत. हिरवं म्हणजे नुसतं टोकाला, झाडाच्या वरच्या चौथ्या हिश्शात, त्याच्या खाली सगळ्या वाळक्या फांद्यांच्या काटक्या. यंदाच्या वळवात दोन झाडं मधनंच मोडली आणि दहाबारा कललीत.

गावात ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतोय. एक म्हणतो सगळं तोडून काजू लाव, एक म्हणतो फांद्या वरपर्यंत साफ कर. आणि आबांचं एकच, "माझ्या हातानं लावलंय, एक पण झाड पाडायचं नाही." गुडघ्यामुळं ते तीन वर्षं माळावर आले नाहीत, त्यांच्या डोळ्यासमोर अजून छातीएवढी हिरवीगार झाडं आहेत. मला त्यांचं मन मोडायचं नाही, पण त्यांनी ज्या लाकडासाठी लावलं ते लाकूड तरी चांगलं व्हायला पाहिजे की नाही? काय करू ते सांगा.

ऊसकरी:
दादा हे सुरूचं झाड तर नाही ना? आमच्याकडं पण लोक सुरूला पाइनच म्हणतात. आणि घेर वाढत नसंल तर खत कमी पडत असणार, युरिया द्या की पावसाच्या तोंडावर, एकरी दोन पोती.

जंगलवाट:
ऊसकरी, पहिला प्रश्न बरोबर आहे, दुसऱ्याला मात्र थांबा.

माळावरचा, एक सुई तोडून ओढून बघा. सुरूची "सुई" म्हणजे बारीक काडीच असते, तिला पेरं असतात, ओढली की पेरातनं टपकन सुटते. सुरू दिसायला तसा असला तरी सूचीपर्णी झाड नाही. पाइनच्या सुया जुडीत येतात, जुडीच्या बुडाला पातळ खपलीसारखं आवरण असतं, आणि कॅरिबियन असेल तर जुडीत बहुधा तीन सुया आणि सुई चांगली वीतभर लांब. ते बघून कळवा.

नोकरीचा बराच काळ मी कोडाईकनालकडं पॅट्युला पाइनच्या लागवडींवर काढलाय म्हणून सांगतो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. बांधाकडच्या झाडांचा घेर 26-27 आणि आतल्यांचा 18. माती तीच, पाऊस तोच, रोपं एकाच गाडीतनं आलेली. फरक फक्त उजेडाचा आणि मुळांना मिळालेल्या जागेचा. तिथं युरिया टाकून काय होणार? उलट नायट्रोजन जास्त झालं की फांद्या जाड होतात, लाकूड हलकं पडतं. आणि ती पोत्यातली माती आबांनी टाकली ते फार चांगलं केलं, पाइनच्या मुळाला एक बुरशी लागते, तिच्याशिवाय त्याला जमिनीतलं स्फुरद नीट घेता येत नाही, ती त्या मातीतनं आली.

आता हिशोब बघा. घेर 18 म्हणजे जाडी पावणेसहा इंचाच्या आतबाहेर. उंची 44 फूट म्हणजे 528 इंच. उंचीला जाडीनं भागलं की 92 येतात. हा आकडा 80 च्या खाली असला की झाड वाऱ्याला उभं राहतं असा आमचा ठोकताळा, शंभराकडं गेला की ते छडीसारखं होतं. बांधाकडच्यांचा 62 च्या आसपास येतोय, ती मोडली का? नाही ना.

म्हणून विरळणी करायचीच. पण एकदम निम्मी पाडलीत तर उरलेली पण झोपतील, कारण ती इतकी वर्षं एकमेकांच्या आधारानं उभी आहेत. यंदा चौथा हिस्सा काढा, म्हणजे 580 च्या आसपास राहतील. तीनचार वर्षांनी, शेंडे परत भिडले की 400 वर आणा, आणि शेवटी एकरी सव्वादोनशे. दिवाळी झाल्यावर सुरू करून जानेवारीपर्यंत संपवा, म्हणजे पुढच्या पावसाळी वाऱ्याच्या आत झाडांना मुळं घट्ट करायला वेळ मिळतोय.

रंधा_पटाशी:
पॅटर्नवाल्याचं नाव वाचून थांबलो. मी पण शिरोलीला पॅटर्न शॉपमध्ये काढलीत बरीच वर्षं, आता पॅकिंगच्या पेट्या करतो. लाकडाच्या बाजूनं सांगतो.

तुमच्या त्या वाळक्या काटक्या लय महत्त्वाच्या आहेत. फांदी जिवंत असताना खोड तिच्याभोवती वाढतं, तेव्हा फांदीचं आणि खोडाचं लाकूड एकजीव होतं, ती गाठ पक्की बसते, रंधा मारला तरी हलत नाही. फांदी वाळली आणि तशीच राहिली की पुढचं लाकूड तिला नुसता वेढा घालतंय, जोडलं जात नाही. फळी वाळली की ती गाठ सुटून पडते आणि भोक राहतं. पॅटर्नला असली फळी कोण हातात धरणार, पेटीला पण खालच्या भावानं जाती.

दुसरं, कललेली झाडं आधी काढा. पाइन कललं की स्वतःला सरळ करायला खालच्या बाजूला जड, लालसर लाकूड घालतं, ते वाळताना लांबीत आखडतं आणि फळी धनुष्यासारखी होती. ओंडक्याच्या तोंडावर गाभा मधोमध नसून एका बाजूला सरकलेला दिसला की समजायचं. आणि कोवळेपणीचं लाकूड, म्हणजे गाभ्याजवळच्या पहिल्या दहाबारा वर्षांचं, ते पण हलकं आणि पिळणारं असतंय. म्हणजे तुमचं खरं लाकूड आता कुठं सुरू होणार आहे दादा, आत्ता सगळं तोडून काजू लावणं म्हणजे दूध तापल्यावर ओतून देणं.

माळावरचा:
सुई बघितली, तीनच्या जुडीत आहे आणि माझ्या वितीपेक्षा जरा मोठी. म्हणजे पाइनच. सगळ्यांचे आभार, रात्री दोनदा वाचून काढलं.

दोन शंका. खालच्या फांद्या आता कापून उपयोग आहे का, की उशीर झाला? आणि काही झाडांना वरती सहासात फूट नुसता सरळ दांडा आलाय, एक पण फांदी नाही, सुयांचा झुबका फक्त, तो रोग आहे का?

जंगलवाट:
रोग नाही. त्याला कोल्हाशेपूट म्हणा, कॅरिबियन पाइनची ती सवयच आहे, ऊबदार आणि ओल्या हवेत शेंडा वाढतच जातो आणि फांद्या फुटायचं विसरतो. तो दांडा वाऱ्यात मोडतो, म्हणून विरळणीत ती झाडं आधी निवडा. तसंच दुबेळकं (एका बुडातनं दोन खोडं) झालेली, सालीवर पीळ दिसणारी आणि बाकीच्यांच्या खाली दबून गेलेली.

फांद्यांचं, उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही. आधी चांगली सरळ सव्वादोनशे झाडं नक्की करा आणि फक्त त्यांच्याच वाळक्या फांद्या 16-18 फुटांपर्यंत काढा, सगळ्या 780 वर मजुरी घालू नका. यापुढं त्यावर जे लाकूड चढेल ते बिनगाठीचं. मुख्य म्हणजे हिरवी फांदी एक पण कापायची नाही. झाडाच्या उंचीच्या निदान तिसरा हिस्सा हिरवा लागतो, तुमच्याकडं चौथाच राहिलाय, त्यातलं काढलंत तर झाड खाणार कशावर? गावातल्या त्या वरपर्यंत साफ करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

कोयता वापरू नका, साल सोलवटते. बांबूला बांधलेली वाकडी करवत घ्या. फांदीच्या बुडाला खोडावर फुगीर कडं दिसतं, ते न दुखवता त्याच्या लगेच बाहेर कापायचं. कडं कापलं तर जखम मोठी होते, खुंटी ठेवली तर परत तीच सुटी गाठ. वरनं रंग, डांबर काही लावायचं नाही.

चंदगडी:
आमच्या भागातला अनुभव सांगतो. तो वीतभर सुयांचा थर म्हणजे रॉकेल आहे असं समजा. फेब्रुवारी-मार्चला शेजारी बांध जाळतात, एक ठिणगी बास. चारी बाजूनं दहा फुटांचा पट्टा जानेवारीतच खरवडून साफ करा आणि कापलेल्या फांद्या झाडांच्या बुडात ढीग घालून ठेवू नका. गव्यांचं पण बघा, विरळ केल्यावर खाली गवत येणार आणि गवे आत शिरणार, अंग घासून साल काढतात. हत्ती तर आता आजऱ्यापर्यंत येतातच.

आणि तोडायच्या आधी सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का बघा, वनखात्याच्या रेंज ऑफिसात लेखी अर्ज देऊन विचारा. 1964 चा वृक्षतोड कायदा खाजगी जमिनीला पण आहे, नंतर वाहतुकीला गाडी अडली की धावपळ होते.

रंधा_पटाशी:
पाडलेला माल बांधावर टाकून ठेवू नका. पाइनच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला दमट हवेत निळे डाग पडतात. दहापंधरा दिवसांत गिरणीत चिरून, मधे पट्ट्या घालून, सावलीत थप्पी लावा. 18 इंची घेराचं पॅकिंगच्या पट्ट्यांना चालतं. गोठ्याला मेढी म्हणून तसंच मातीत रोवलं तर वाळवी सोडणार नाही, औषध दिलेलं असंल तरच.

आणि आबांना समजवायला बोलत बसू नका. मोडलेल्या झाडाचा एक ओंडका चिरून फळी घरी न्या आणि त्यांच्या हातात द्या. बाकी काही सांगायला लागणार नाही.

माळावरचा:
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

वळवात मोडलेल्या एका झाडाचा तीन फुटी ओंडका गिरणीत नेऊन चिरला आणि एक फळी कोल्हापूरला घेऊन गेलो. आबांना म्हटलं, आपल्या माळावरचं आहे. त्यांनी काही न बोलता पलंगाखालनं पेटी ओढली, त्यांचा जुना रंधा काढला, पातं अंगठ्यावर बघितलं आणि खुर्चीत बसूनच मारायला लागले. सगळ्या खोलीत राळेचा वास. पाचसहा हात मारले असतील, एक काळी गाठ टप करून खाली पडली. आबांनी फळी खिडकीकडं धरली, त्या भोकातनं उजेड आला. मग गाठीच्या कडेनं नखानं रेषा मोजत बसले, पुसट होत्या पण चष्मा कपाळावर चढवून मोजल्या. म्हणाले, "पाच वर्षं ही फांदी जगली, मग वाळली. तेव्हाच काढायला पाहिजे होती, आणि आपण बघितलं नाही."

मी म्हटलं, तुमची लावणी चुकली नाही. तेवढं जवळ लावलं म्हणून फांद्या बारीक राहिल्या, बांधाकडची झाडं जाड आहेत पण त्यांच्या फांद्या मनगटाएवढ्या आहेत. फक्त सातआठ वर्षांनी विरळ करायचं होतं ते राहिलं. (जंगलवाट साहेब, हे मी माझ्या मनानं बोललो, चुकलं असेल तर सांगा.)

मागच्या रविवारी आबांना गाडीतनं माळावर नेलं, प्लास्टिकची खुर्ची घेऊन. दहा झाडं झाली की खुर्ची पुढं. राखायच्या झाडाला मी चुना लावायचो, पाडायच्याला गेरू, आणि ते काठीनं दाखवायचे. पहिल्या गेरूला त्यांना लय वेळ लागला. नंतर माझ्यापेक्षा कडक झाले, मी राहू दे म्हटलेली तीन झाडं पिळाची आहेत म्हणून त्यांनी काढायला लावली. 112 झाडांना गेरू लागलाय, अर्ज दिलाय, बाकीचं पुढच्या रविवारी.

एकच अडलंय. माळाच्या कोपऱ्यावर बांधाला एक दुबेळकं झाड आहे, दोन्ही खोडं सारखीच जाड. नियमानं गेरू पाहिजे, पण आबा तिथं आले की नुसते बघत राहतात, हे पहिलं रोप होतं म्हणतात. ठेवलं तर चालंल का?

जंगलवाट:
सातआठ वर्षांचं तुम्ही बोललात ते अगदी बरोबर.

बांधावर आहे, चुन्याच्या कुठल्या झाडाला दाबत नसेल तर खुशाल ठेवा. दोन खोडांच्या बेचक्यात पाणी साचतंय का आणि साल आत दबून चीर पडली आहे का तेवढं पावसाळ्याआधी बघा. चीर असेल तर त्याच्याखाली आबांची खुर्ची ठेवू नका.

माळावरचा:
चीर नाही. आत्ताच जाऊन बघून आलो.